नागपुरात टाको खायला जाताय? मग सगळं एकदम मागवू नका

दर दोन महिन्यांनी कोणीतरी मला फोन करून विचारतंच, की भाऊ आम्ही पाच-सहा जण मेक्सिकन खायला चाललोय, काय मागवू? आणि मी दरवेळी तेच तेच सांगत बसतो. म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकतोय. ज्यांनी आजवर फक्त मल्टिप्लेक्समधले नाचोज खाल्लेत, पिवळ्या चीजच्या वाटीत बुडवून, आणि खरा मेन्यू हातात आला की ज्यांना घाम फुटतो त्यांच्यासाठी हे आहे. फाइव्ह स्टारचं नाही सांगत हां. साधी जागा, सहा-सात टेबलं, भिंतीवर रंगीत कवट्या आणि निवडुंग काढलेले, काउंटरमागे तव्याचा धूर, अशा ठिकाणाचं बोलतोय. धरमपेठ, रामदासपेठ, सदर अशा भागात असल्या जागा उघडतात आणि बंद पण होतात म्हणून नावं देत नाही, नाव बदललं तरी पद्धत तीच राहते.

आधी माझा पोपट कसा झाला ते ऐका.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही सात जण होतो आणि आम्ही ऑर्डर दिली सावजीकडे देतो तशी. सावजीत कसं, टेकलं की सगळं सांगून मोकळं व्हायचं, रस्सा काय, पोळ्या काय, येईल तेव्हा येईल, रस्सा तर थांबला की अजून मुरतो. तसंच इथे पण चौदा टाको, दोन नाचोज, दोन केसादिया आणि एक बुरिटो (कशाला काय म्हणतात ते पुढे सांगतोच) असं सगळं एका दमात सांगितलं आणि त्या लोकांनी बिचाऱ्यांनी सगळं एका दमात आणून पण दिलं, टेबलावर फोन ठेवायला जागा उरली नाही. आमच्यातला एक जण, आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो पण तो मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, तो गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. त्याच्याशिवाय सुरू कसं करायचं म्हणून आम्ही थांबलो, तेवढ्यात वरून, बाजूने, खुर्चीवर चढून फोटो काढले. पंधरा मिनिटांनी डॉक्टर आला. मी टाको उचलला आणि त्याचं बूड गळालं, आतलं सगळं सारण पँटवर, हातात फक्त ओली पोळी राहिली. नाचोज ओल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते. केसादियातलं चीज थंड होऊन रबर झालेलं. आणि आम्ही काय म्हणालो, की ह्यॅ, मेक्सिकन काही खास नसतं बे.

प्लेटा उचलायला आलेल्या पोराने ते ऐकलं आणि हसून म्हणाला, "सर, दो-दो करके मंगाया करो ना, गुपचुप जैसा."

बस, हीच ती गोष्ट. गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, आपण कधी तीस भरून एका ताटात मागवतो का? गाडीवाल्याच्या समोर उभं राहतो, तो एक देतो, आपण तोंडात टाकतो, तो दुसरा भरतो. टाको पण गाडीवरचाच माणूस आहे. मेक्सिकोत लोक तव्यापाशी उभे राहून दोन खातात, मग वाटलं तर अजून दोन सांगतात. टेबल-खुर्ची मिळाली म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं शेवटी यावरच येऊन पडतं.

१. किती जण, कधी आणि कसं जायचं

चार किंवा पाच जण बेस्ट. सहापर्यंत चालेल, सात झाले की दोन टेबलं जोडायला लागतात आणि मग त्या टोकाला काय आलं ते या टोकाला कळत नाही. शनिवार-रविवारी साडेआठनंतर गर्दी असते, किचन छोटं असतं, तव्यावर एका वेळी मावतं किती? सात-सव्वासातला गेलात तर तवावाला निवांत असतो आणि तुमच्या शंकांना उत्तरं पण देतो.

वार बघा. आपल्याकडे कोणाचा मंगळवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार, आणि श्रावणात तर अर्धा ग्रुप व्हेज. टेबलावर बसल्यावर "अरे आज माझा शनिवार आहे" असं कळलं की आखलेली ऑर्डर सगळी फिस्कटते, म्हणून निघायच्या आधीच विचारून घ्या.

धरमपेठेत जायचं असेल तर गाडीचा हट्ट सोडा, डॉक्टरचं उदाहरण दिलंच आहे. मेट्रोची ॲक्वा लाइन सीताबर्डीहून लोकमान्यनगरकडे जाते, शंकरनगर चौकाला उतरलं की पुढे पायी. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत सहा वाजता चालायला लावलं तर मित्र शिव्या देतील, उन्हाळ्यात जरा अंधार पडू द्या. आणि बसताना तव्याजवळचं टेबल मागा. बाकी लोक एसीखालचं मागतात, मागू द्या.

२. मेन्यू वाचायचा कसा

इथेच सगळे अडकतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. नावं वीस असली तरी माल पाच-सहाच असतो: पोळी, बीन्स, चीज, भाजी किंवा चिकन, साल्सा म्हणजे त्यांची चटणी, वरून आंबट काहीतरी. पोळी कशी दुमडली आणि तिचं पुढे काय केलं यावरून नाव बदलतं, खेळ एवढाच आहे.

पोळी म्हणजे टॉर्टिया. स्पेलिंगमध्ये दोन एल असतात पण स्पॅनिशमध्ये त्यांचा उच्चार य, म्हणून टॉर्टिला नाही, केसाडिला पण नाही, केसादिया. जे चा उच्चार ह होतो, म्हणून फाहिता आणि हालापेन्यो, म्हणजे ती हिरवी मिरची. अर्थात तुम्ही जलापिनो म्हणालात तर कोणी हाकलून देत नाही, वेटर पण तेच म्हणतो, आणि जास्त स्टाइल मारून "हालापेन्यो" म्हटलं तर तो दोनदा "क्या सर?" विचारतो. माझ्यासोबत झालंय.

टॉर्टिया दोन जातीची, मैद्याची आणि मक्याची. मैद्याची आपल्या पोळीची मोठी बहीण समजा, लवचिक, पांढरी. मक्याची खरी जुनी, आणि तिची गंमत अशी की मका नुसता दळत नाहीत, आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजू देतात. हो, चुना! आपल्याला नागपुरात चुना म्हटलं की खर्राच आठवतो, पण तिकडे हजारो वर्षांपासून मका असाच शिजवतात. त्याने वरचं साल सुटतं, पीठ मळता येतं, आणि मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगाला लागण्यासारखं मोकळं होतं. युरोपवाल्यांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, त्यामुळे जिथे गरीब लोक फक्त मक्यावर जगत होते तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. आणि मक्याच्या गरम टॉर्टियाला पावसात भिजलेल्या मातीसारखा जो वास येतो ना, तो चुन्याच्या पाण्यातल्या मक्याचा असतो. तो वास आला तर समजा जागा बरी आहे.

आणि ही मक्याची टॉर्टिया म्हणजे स्वभावाने ज्वारीची भाकरी. तव्यावरून उतरली की मऊ, दहा मिनिटं ठेवली की कडक, दुमडली की तडा. वरून ओलं सारण पडलं की खालून गळते. आता कळलं आमचे चौदा टाको कसे गेले?

आता एकेक बघू.

टाको: छोटी टॉर्टिया, वर सारण, अर्धी दुमडलेली. मऊ असते ती मेक्सिकन पद्धत. तो कडक तळलेला यू आकाराचा शेल आहे ना, कुरकुरीत, तो सीमेपलीकडे अमेरिकेत फेमस झाला. मला स्वतःला कडक शेल आवडत नाही, पहिल्या घासाला तो उभा फाटतो आणि मग तुम्ही सॅलड खात बसता. पण लहान मुलं सोबत असतील तर त्यांना तोच द्या.

बुरिटो: मैद्याची मोठी टॉर्टिया, आत भात, राजमा, सगळं, आणि चारही बाजूंनी बंद गुंडाळी. शब्दाचा अर्थ छोटं गाढव, ओझं भरपूर वाहतं म्हणून असेल कदाचित. एक बुरिटो म्हणजे एका माणसाचं जेवण, हे लक्षात ठेवा, कारण तो मागवला की बाकी काही जात नाही. तोच तळला की चिमिचांगा. चिमिचांगा समजवायची सोपी पद्धत म्हणजे आपली पुडाची वडी, सांबारवडी. आत सारण, बाहेर कव्हर, तळायचं. फक्त सांबारवडी जास्त चांगली लागते, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

केसादिया: केसो म्हणजे चीज, टॉर्टियात चीज घालून तव्यावर दाबलेली. चीज पराठाच. गंमत म्हणजे मेक्सिको सिटीत केसादिया मागितली तर चीज घालू का असं वेगळं विचारतात, आणि त्यावरून त्या शहरातले आणि बाकी देशातले लोक कायम भांडत असतात. आपल्याकडे तर्री पोह्यांवर भांडतात तसंच.

नाचोज: हे काही हजारो वर्षांचं वगैरे नाही. १९४३ च्या सुमारास अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास गावात पलीकडच्या काही बायका जेवायला आल्या, आचारी जागेवर नव्हता, मग इग्नासियो अनाया नावाच्या माणसाने टॉर्टियाचे तुकडे तळले, वर चीज आणि मिरचीच्या चकत्या टाकून दिले. इग्नासियोचं लाडाचं नाव नाचो. झाले नाचोज. ऐन वेळी घरात असेल ते वापरून केलेला पदार्थ आहे, म्हणून त्याला फार मान देऊ नका, एक प्लेट पाच जणांत बस.

एलोते: मक्याचं कणीस, भाजून, वर मेयोनेज, चीज, तिखट, लिंबू. दाणे काढून कपात दिले की एस्कितेस. फुटाळ्यावर पावसात भुट्टा खाणाऱ्या माणसाला हे शिकवायची गरज नाही, फक्त मेयोनेज पाहून दचकू नका, चालतं ते.

ग्वाकामोले म्हणजे ठेचलेला ॲव्होकाडो, लिंबू, कांदा, सांबार घालून. बाहेरगावचे मित्र सोबत असतील तर सांबार म्हणजे कोथिंबीर हे आधीच सांगा, नाहीतर ते इडलीची वाट बघत बसतील. ग्वाकामोलेला बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लागतात, कारण ॲव्होकाडो महाग. वाटी आली की रंग बघा. हिरवागार पाहिजे. तपकिरी असेल तर सकाळी कापलेलं आहे, परत पाठवा, लाजायचं काही कारण नाही.

आणि रिफ्राइड बीन्स वाचून "दोनदा तळलेलं?" असं दचकू नका. स्पॅनिशमध्ये त्या सुरुवातीच्या रे चा अर्थ इथे पुन्हा असा नसून चांगलं, खूप असा आहे. उकडलेला राजमा घोटून तेलात परतलेला, एवढंच.

३. तिखटाचा माज

हा भाग नागपूरकरांसाठी खास. आपल्याला वाटतं की सावजी खाणाऱ्याला कोण काय तिखट खाऊ घालणार, भिवापुरी मिरचीवर वाढलेले लोक आपण. मी पण असाच म्हणालो होतो, "भाऊ, एक्स्ट्रा स्पायसी." मग वाटीत हाबानेरो नावाच्या मिरचीचा सॉस आला, केशरी रंगाचा, दिसायला एकदम साधा, आणि वासाला जर्दाळूसारखा गोडसर. मी टाकोवर चमचाभर ओतला.

दोन मिनिटं मी काही बोललो नाही. डॉक्टर म्हणाला, "काय बे, काहून शांत झाला?"

फरक असा आहे की सावजीचं तिखट मसाल्यातून येतं, काळी मिरी, लवंग, खसखस, खोबरं सगळं भाजून वाटलेलं असतं, ते हळूहळू चढतं आणि कपाळावर घाम आणतं. हाबानेरो सरळ जिभेच्या शेंड्यावर आणि घशावर बसतो. आकडेच बघा, मिरचीचं तिखट मोजायचं स्कोव्हिल नावाचं माप आहे, त्यात हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० आणि हाबानेरो १ लाख ते साडेतीन लाख. त्यामुळे बरणीतला व्हिनेगरमधला हालापेन्यो कितीही खा, आपल्याला तो लोणच्यासारखाच वाटेल. चिपोत्ले लिहिलं असेल तर तो पण हालापेन्योच, पिकवून, धुरात वाळवलेला, तिखट कमी आणि धुरकट जास्त, मला सगळ्यात तोच आवडतो. हाबानेरो दिसलं की आधी काट्याच्या टोकाने.

तोंड भाजलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो फक्त सगळीकडे पसरतो. दूध-दह्यातलं प्रोटीन आणि फॅट त्याला धरून नेतं, म्हणून टाकोसोबत ती सावर क्रीमची वाटी असते तीच चाटायची. कोल्ड्रिंक तर बिलकुल नको, गॅसने अजून झोंबतं.

तसं बघितलं तर मिरची मूळची त्यांच्याच बाजूची. पोर्तुगीज लोक समुद्रातून घेऊन आले तेव्हा आपल्याकडे पोहोचली, त्याआधी इथे तिखट म्हणजे मिरीचं. टोमॅटो, मका, राजमा ही सगळी मंडळी पण तिकडचीच. तर त्यांच्याच मिरचीवर माज करून आपण त्यांच्याच हॉटेलात जातो.

४. व्हेज, नॉनव्हेजचं विचारून घ्या

मूळ मेक्सिकन स्वयंपाकात बीन्समध्ये आणि मैद्याच्या टॉर्टियात डुकराची चरबी घालतात. आपल्याकडे बहुतेक जागी साधं तेल असतं, तरी विचारा: बीन्स कशात परतले, मेयोनेज अंड्याचं की बिनअंड्याचं, चिकन आणि पनीर एकाच तव्यावर का. जैन किंवा कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तर आधीच फोन करा, कारण साल्सा सकाळीच करून ठेवलेला असतो आणि त्यात कांदा असतोच, ऐनवेळी काढता येत नाही.

मेन्यूवर अल पास्तोर दिसलं तर नॉनव्हेजवाल्यांनी घ्याच. उभ्या सळईवर मांस रचून भाजायचं आणि सुरीने तासायचं. शोरमासारखं वाटतं ना? कारण लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनीच ती पद्धत तिकडे नेली, तिकडच्यांनी मग त्यात डुक्कर, लाल मसाला आणि अननस आणला. आपल्याकडे ते चिकनमध्ये मिळतं. अननसाचा तुकडा काढून ठेवू नका प्लीज, दरवेळी कोणीतरी ठेवतंच.

व्हेजवाल्यांनी पनीर टाको मागवण्याआधी एकदा राजमा आणि भाजलेल्या मक्याचा घ्यावा. पनीर टाको म्हणजे आपला पनीर रोलच असतो, त्यासाठी एवढ्या दूर कशाला यायचं.

५. ऑर्डर: दोन-दोन करून

आता मुद्द्याचं. बसलं की वेटरला पहिला प्रश्न: एका प्लेटमध्ये टाको किती? कुठे दोन येतात, कुठे तीन, कुठे एकच. हे न विचारता पाच प्लेटा सांगितल्या की पंधरा टाको येऊन पडतात.

दुसरं वाक्य, आणि हे स्पष्ट बोला: "थोडं थोडं मागवणार आहोत, जसं होईल तसं आणत जा." पहिल्यांदा सांगताना जरा ऑकवर्ड वाटतं, की हे काय, एवढीशीच ऑर्डर? पण किचनला ते सोयीचंच पडतं.

पाच जण असाल तर माझा हिशोब असा. पहिला राउंड, एक एलोते किंवा नाचोज मधे ठेवायला आणि प्रत्येकी एकच टाको. वेगवेगळे घ्या म्हणजे चव कळते. ज्याचा आला त्याने लगेच खायचा, कोणासाठी थांबायचं नाही. हा नियम आधीच जाहीर करा, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि हात आपोआप थांबतो. आमची ताई अजून थांबते. तिच्या पानात टाको गार होतो आणि ती म्हणते, तुम्ही खा रे, मला घाई नाही. ताई, तुला नाही पण टाकोला आहे.

पहिला संपत आला की दुसरा राउंड सांगा, जो आवडला त्याचे अजून चार-पाच आणि एक केसादिया, ती चार तुकड्यांत कापून येते. मग पाच मिनिटं बसा. गप्पा मारा. इथे बहुतेकांचं पोट भरलेलं असतं पण डोळे भरलेले नसतात, तेव्हा हावरटपणा करून तीन बुरिटो सांगू नका, एकच सांगा आणि मधून कापून आणायला लावा.

फोटो काढायचाच तर पहिल्या प्लेटचा, दहा सेकंदांत, बसल्या जागेवरून.

६. हातात धरायचा कसा

काटा-चमचा बाजूला. टाको तीन बोटांनी वरून धरायचा, अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, घट्ट दाबायचा नाही. लिंबू सगळ्यात शेवटी पिळा, तोंडाजवळ नेताना, आधी पिळलं तर पाणी सुटतं. साल्सा पण घासागणिक थोडा थोडा, एकदम ओतायचा नाही.

आणि आता मेन गोष्ट, टाको वाकडा करायचा नाही, मान वाकडी करायची. टाको आडवाच राहील, डोकं एका बाजूला झुकवून कडेने चावायचं, कोपरं टेबलावर आणि छाती थोडी पुढे, म्हणजे जे पडेल ते प्लेटमध्ये पडेल. सुरुवातीला हसू येतं, समोरचे चौघं एकाच बाजूला माना टाकून बसलेले दिसतात, फोटोत मोडक्या कॅलेंडरसारखे. प्लेटमध्ये पडलेलं वाया जात नाही, नाचोजच्या तुकड्याने गोळा करून खायचं. खाली दोन टॉर्टिया एकावर एक दिल्या असतील तर चूक नाही ती, एक फाटली तर दुसरी धरते, आणि हुशार लोक पडलेल्या सारणाचा दुसरीत अजून एक टाको करतात.

बुरिटोचा फॉइल पूर्ण सोलू नका. खात जा तसा सोलत जा.

७. पिणं आणि गोड

जमेका किंवा हामाइका लिहिलं असेल तर ते जास्वंदीच्या जातीच्या फुलाचं थंड सरबत, लाल आणि आंबट, उन्हाळ्यात मस्त. ओर्चाता म्हणजे तांदूळ भिजवून वाटून केलेलं दालचिनीचं गोड पेय, खिरीचं पाणी म्हणा. मिळालं तर एक दोघांत घ्या, गोड भरपूर असतं. गोडात चुर्रोस, साखर-दालचिनीत घोळवलेल्या तळलेल्या कांड्या, सोबत चॉकलेट. चुर्रो स्पेनकडून आला, चॉकलेटचा कोको मेक्सिकोकडचा, प्लेटमध्ये दोघं भेटतात. ते पण गरमच खायचे, म्हणून जेवण होईपर्यंत मागवू नका.

८. बिल

साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. म्हणजे खाणं १,८०० चं झालं तर ४५ अधिक ४५, एकूण १,८९०, पाच जणांत ३७८ रुपये प्रत्येकी. सर्व्हिस चार्ज वेगळा लावलेला दिसला तर तो द्यायलाच पाहिजे असं नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप जोडता येणार नाही. नीट बोलून काढायला सांगा, बहुतेक लोक काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापेक्षा तवेवाल्याला हातात टिप द्या ना, घाम त्याचा गळतो.

एकाने यूपीआय करायचं आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आधी त्याला टाकायचे. "घरी गेल्यावर पाठवतो" म्हणणाऱ्याचे पैसे कधी येतात ते तुम्हाला माहीत आहेच. डॉक्टर, तुझे अजून तीनशे बाकी आहेत.

९. उरलं तर

टाको पार्सल करू नका, खरंच सांगतो. न्यायचंच असेल तर टॉर्टिया, सारण आणि साल्सा वेगवेगळ्या डब्यांत मागा, घरी टॉर्टिया तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेका आणि मग भरा. मायक्रोवेव्हमध्ये ती आधी ओली होते आणि नंतर चामडं.

मागच्या वेळी माझ्याकडे फक्त बीन्सचा डबा उरला होता, फ्रिजमध्ये ठेवून मी झोपलो. सकाळी उठून बघतो तर आईने त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी घालून वर सांबार टाकलेला आणि गरम भाकरीसोबत ताटात वाढलेला. एक घास खाल्ला आणि मला म्हणाली, "राजमाच तर आहे रे हा. यासाठी रात्री अकरापर्यंत बाहेर होता काय तू?"